कार्डापासून क्लाउडपर्यंत : फोनवर पुस्तक ऐकण्याचा मागोवा

‘गीता प्रवचने’ हे मुळात ऐकलेलं पुस्तक. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एकेका अध्यायावर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतलं. अठरा रविवार, अठरा प्रवचनं. विनोबांचा पवनारचा आश्रम ज्या जिल्ह्यात आहे त्या वर्धा जिल्ह्यात हे पुस्तक घरोघरी माहीत. डोळे थकलेल्या माणसांना ते फोनवर ऐकावंसं वाटणं साहजिकच होतं. पण गेल्या पंधराएक वर्षांत मोठ्या ध्वनिफाइलींनी या श्रोत्यांना पुष्कळ दमवलं.

सुरुवातीला होती मेमरी कार्डं. बटणांच्या फोनमध्ये चिमुकलं कार्ड टाकायचं आणि बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानातून ते ‘भरून’ आणायचं. गाण्यांसोबत कीर्तनं, प्रवचनंही यायची. पहिली तक्रार क्रमाची. फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली, की कित्येक फोन ती अक्षरांसारखी लावत. १ नंतर १०, ११ असं करत १८ पर्यंत जाऊन मग २. म्हणजे अर्जुनाचा विषाद संपला, की स्थितप्रज्ञाऐवजी थेट विभूतियोग! इलाज अगदी साधा : ०१, ०२ अशी दोन आकडी नावं.

दुसरी तक्रार खोट्या कार्डांची. वर ६४ जीबी छापलेलं, आत जागा जेमतेम काही जीबींची. अशा कार्डावर कॉपी विनातक्रार होते. पुस्तकाचे पहिले काही भाग नीट वाजतात आणि पुढचे उघडतच नाहीत. “काहून गा बाबू, हे मंधातच बंद पडते?” असं आजी विचारायची, तेव्हा सगळे फोनला बोल लावायचे. दोष कार्डात असायचा.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्टोरीटेल हे बोलक्या पुस्तकांचं अ‍ॅप भारतात आलं, तेही मराठीसह. मराठी कादंबऱ्या कानांपर्यंत सहज पोचू लागल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पूर्वी सोळा एमबीचा ऑडिओ, म्हणजे ६४ केबीपीएसने जेमतेम अर्धा तास, एवढंच जायचं. २०२२ मध्ये मर्यादा २ जीबी झाली. मग अख्खं पुस्तक एकाच फाइलीत फिरू लागलं. सोय झाली, पण नव्या अडचणी आल्या त्या इथूनच.

दहा तासांची एमपी३ फाइल घ्या. तिचा बिटरेट कमीजास्त होणारा असेल आणि सुरुवातीची नोंद नीट नसेल, तर फोन लांबीचा नुसता अंदाज बांधतो. दहा तासांऐवजी चौदा दाखवतो, पुढे सरकवलं की भलतीकडे जातो. बोलक्या पुस्तकांसाठीच्या एम४बी फाइलीचं दुखणं वेगळं : तिची अनुक्रमणिका बरेचदा फाइलीच्या शेवटी असते. डाउनलोड ९५ टक्क्यांवर तुटलं, तर एमपी३ तेवढी तरी वाजते. ही मुळीच वाजत नाही. अशा वेळी फोन बदलण्याआधी मूळ फाइलीचा आकार आणि आपल्याकडच्या फाइलीचा आकार ताडून पाहावा.

आणि फाइल धडधाकट असूनही स्क्रीन बंद झाल्यावर आवाज थांबत असेल, तर बॅटरी वाचवण्यासाठी फोनच अ‍ॅप बंद करत असतो. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचं बॅटरीचं बंधन काढलं, की बहुतेकदा प्रश्न सुटतो.

या सगळ्या काळाकडे पाहताना एक गोष्ट मनाला लागते. दृष्टिहीन वाचकांसाठी झटणाऱ्यांनी लांब पुस्तकात हवी ती जागा गाठण्याचा प्रश्न कधीच सोडवला होता. १९९६ मध्ये डेझी कन्सॉर्शियम स्थापन झालं. अध्यायावर, उपविभागावर, खुणेवर नेमकं जाता येईल असं बोलकं पुस्तक त्यांनी घडवलं. आपल्याकडे २०१६ मध्ये अशा वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झालं. त्यांनी श्रोत्याला वाचक मानलं. वाचकाला पान शोधता आलं पाहिजे, कालची खूण सापडली पाहिजे. अखंड दहा तासांच्या फाइलीत हे दोन्ही हरवतं.

म्हणून आवाजात पुस्तकं तयार करणाऱ्या प्रत्येक संस्थेला, ग्रंथालयाला, घरी आजोबांसाठी वाचून ठेवणाऱ्या नातवालाही माझी कळकळीची विनंती आहे. अध्यायागणिक वेगळी फाइल करा. निव्वळ बोलण्यासाठी मोनोमध्ये ६४ केबीपीएस पुरे. तासाला साधारण २९ एमबी होतात. बिटरेट एकसारखा ठेवा, नावं दोन आकडी द्या आणि वाटण्याआधी सगळ्यात स्वस्त फोनवर शेवटच्या अध्यायापर्यंत तपासा. विनोबा रविवारी एकच अध्याय सांगत. ऐकणाऱ्याला पचेल, लक्षात राहील एवढं माप त्यात होतं. तेच माप आपल्या फाइलींना लावलं, तर देवळी, आर्वी, हिंगणघाटच्या कुठल्याही घरात पुस्तक मध्येच अडणार नाही.