गाडीखालचा ‘खट्’

भिवंडीच्या गोदामातून माल भरून निघालेला ट्रक मुंबई-नाशिक महामार्गाकडे वळतो, क्लच सुटतो आणि खालून एकदाच ‘खट्’ असा आवाज येतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीतही तो ऐकू येई. दोन्हींत इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. मध्ये लांब प्रोपेलर शाफ्ट.

गिअर, स्प्लाइन, शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), डिफरेन्शियलमधले क्राउन-पिनियन या प्रत्येक जोडात थोडी मोकळीक असतेच. झिजेने ती वाढते, साचते आणि जोर येताच एका झटक्यात भरून निघते. आवाज होतो तो तेव्हा.

म्हणून आवाज नेमका कधी येतो ते आधी ऐकावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबता-सोडताना एकच ठोका, तर मोकळीक. संथ वेगात लयीत कुरकुर, तर बहुधा क्रॉसमधले ग्रीस संपले. वेगाबरोबर वाढणारी थरथर मात्र शाफ्टच्या तोलाकडे किंवा जोडणीकडे बोट दाखवते. कोनात फिरणाऱ्या एका क्रॉसमुळे शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दुसरा क्रॉस हा चढउतार खोडून काढतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉस पकडणारे काटे) एका रेषेत असतील तरच! शाफ्ट उघडण्याआधी खडूने खूण करणारा मेकॅनिक म्हणूनच मला फार मोलाचा वाटतो.

सपाट जागी इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि शाफ्ट हाताने पिळून पाहावा. क्रॉसच्या एका बाजूचा योक हलला, दुसरा जागीच राहिला, तर क्रॉस गेला. शाफ्ट बराच फिरूनही चाक ढिम्म, तर डिफरेन्शियल उघडावे लागेल.

क्रॉसचा खर्च टाळू नका. चालत्या गाडीचा शाफ्ट सुटला तर जीव जाऊ शकतो.