कातरलेला फोटो सुधारताना: गेलेली टोपी परत कशी आणायची?

आजचा विषय छोटा दिसतो, पण लग्नपत्रिकेपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे लागतो. फोटोची बॅकग्राउंड आता एका क्लिकमध्ये उडते. ती उडाल्यावर हातात जे उरतं, ते नीट कसं करायचं, हे आज बघू.

सुरुवात घरच्या उदाहरणाने करतो. आजोबांच्या वर्षश्राद्धाला फोटो फ्रेम करायचा होता. त्यांचा चांगला फोटो एकच, एका लग्नातला. मागे चुन्याची पांढरी भिंत, डोक्यावर पांढरी टोपी. मी बॅकग्राउंड काढली, मागे निळा रंग टाकला, प्रिंट करून आणला. आजीने बघितला आणि म्हणाली, "ह्यांची टोपी कोणी काढली?" टोपीचा वरचा अर्धा भाग भिंतीबरोबर गेला होता आणि मी तो बघितलाच नव्हता. जो माणूस टोपीशिवाय उंबऱ्याबाहेर पडला नाही, त्याचा हा फोटो!

असं का होतं? प्रोग्रॅमला टोपीचं महत्त्व माहीत नसतं. तो हजारो फोटोंवर शिकलेला असतो आणि प्रत्येक पिक्सेलबद्दल एक अंदाज करतो: हा माणसाचा की मागचा? उत्तर ० ते २५५ मधला एक आकडा. ० म्हणजे पूर्ण पारदर्शक, २५५ म्हणजे पूर्ण भरीव. ह्याला अल्फा म्हणतात. ही कल्पना १९७०च्या दशकाच्या अखेरीस अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी न्यूयॉर्कमध्ये मांडली. पांढऱ्यावर पांढरं आलं की हा अंदाज चुकतो.

दुसरी अडचण केसांची. केसाच्या कडेचा पिक्सेल हा अर्धा केस, अर्धी भिंत असतो. समजा केसाचा रंग ४० आणि भिंतीचा २५०. मिसळून झाला १४५, म्हणजे राखाडी. प्रोग्रॅमने तो पिक्सेल अर्धा पारदर्शक केला, पण रंग १४५ च ठेवला. आता मागे २० इतका गडद रंग टाका. यायला हवा ३०, येतो साधारण ८२. कपाळाभोवती ती पांढरट झालर दिसते ना, ती ही. म्हणजे कड बरोबर कापली तरी जुन्या भिंतीचा रंग तिच्यात राहतोच.

आता दुरुस्ती. मी गिम्पमध्ये दाखवतो, ते फुकट आहे; फोटोशॉपमध्येही तत्त्व हेच.

पहिलं, मूळ फोटो टाकून देऊ नका. कातरलेला फोटो आणि मूळ फोटो एकाच फाइलमध्ये, एकावर एक ठेवा. फुकट सेवा कधी कधी लहान आकाराचा फोटो देतात. तो आधी मूळ आकाराएवढा करा. मग कातरलेल्या लेयरवर "अल्फा टू सिलेक्शन" करा, मूळ लेयरवर जा आणि त्या सिलेक्शनचा लेयर मास्क लावा. आता काहीच कायमचं खोडलं जात नाही. मास्कवर पांढरा ब्रश फिरवला की लपलेलं परत येतं, काळा फिरवला की जातं.

दुसरं, तपासणी. खाली एकदा काळा आणि एकदा भडक हिरवा रंग ठेवून बघा. पांढऱ्यावर न दिसलेल्या चुका तिथे लगेच दिसतात. काय बघायचं? चष्म्याची काडी, नथ, गजरा, बोटांमधल्या फटी. कमरेवर हात असेल तर मधल्या त्रिकोणात जुनी भिंत अडकलेली असते. आणि पातळ पदर. तो पूर्ण भरीव झालेला असतो, तिथे मास्कवर राखाडी रंग लागतो.

तिसरं, कडा. फोटोत कड जेवढी तीक्ष्ण, तेवढाच ब्रश कडक. कॉलरला कडक, केसांना मऊ. सगळीकडे एकच मऊ ब्रश फिरवला की माणूस कापसात गुंडाळल्यासारखा दिसतो.

चौथं, झालर. कपड्यांच्या कडेला मास्क एखादा पिक्सेल आत घेतला की भागतं. केसांना हे करू नका, टक्कल पडेल! (हशा) तिथे मास्क सोडा, चित्रावर या, आतल्या केसांचाच रंग उचला आणि कमी अपॅसिटीने कडेवर फिरवा.

शेवटी पीएनजीमध्ये सेव्ह करा. जेपीजीत पारदर्शकपणा राहत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

श्रोत्यांतून प्रश्न: टोपीची कडच दिसत नसेल तर?

चांगला प्रश्न. मूळ फोटोची एक तात्पुरती प्रत घ्या आणि लेव्हल्समध्ये ती बरीच गडद करा. पांढऱ्या-पांढऱ्यातही थोडा फरक असतो, तो उठून येतो. आजोबांच्या टोपीची घडी मला अशीच सापडली. तिच्यावरून पेन टूलने रेघ ओढली, मास्क भरला आणि प्रत काढून टाकली. फरकच नसेल, सगळं पांढरंफटक असेल, तर मनाने टोपी काढू नका. त्याच माणसाचा दुसरा फोटो बघून आकार ठरवा, नाहीतर ती भिंतच राहू द्या. भिंत असली म्हणून काही बिघडत नाही.

दुसरी प्रिंट आजीला दाखवली. तिने काचेवरून पदर फिरवला आणि म्हणाली, "आता लाव भिंतीवर."