रुळाच्या पोटातली भेग

प्रत्येक चाकाखाली रूळ किंचित दबतो, पुन्हा सावरतो. लाखो वेळा असे झाले की माथ्याच्या आत बारीक भेग धरते, आणि वरून रूळ लख्खच दिसतो! म्हणून अल्ट्रासाउंडची ट्रॉली रुळावरून हाताने ढकलत नेतात. तिचा ध्वनी सोडणारा प्रोब आणि रूळ यांच्यामध्ये पाण्याचा थर लागतोच. हवेची फट राहिली तर ध्वनी पोलादात शिरत नाही. सरळ खाली जाणारी लहर सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर धावते, पण उभी भेग तिला बहुधा चुकते. ती सापडते ७० अंशांत तिरक्या सोडलेल्या लहरीला. थंडीत रूळ आकसून ताणला जातो, तेव्हा हीच भेग रूळ तोडते. ट्रॉली त्याआधी फिरलेली असावी.