अजानवृक्ष : माउलींच्या दारचे झाड

कार्तिकी वद्य एकादशीला आळंदी माणसांनी फुलून जाते. दर्शन घेऊन बाहेर आलेला वारकरी लगेच परतीची वाट धरत नाही. तो मंदिराच्या आवारातल्या अजानवृक्षाकडे वळतो. तिथे कुणी ज्ञानेश्वरीचे पारायण करीत बसलेले असते, कुणी नुसतेच डोळे मिटून टेकलेले असते. गळून पडलेले एखादे पान लोक प्रसाद म्हणून उचलतात. कवीची आठवण दगडात कोरलेली पुष्कळ ठिकाणी सापडते. इथे ती पानाफुलांनी जिवंत राहिली आहे.

ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये. पुढे सहाच वर्षांनी, १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला, त्यांनी आळंदीस समाधी घेतली. समाधीसमोर अजानवृक्षाचा दंड रोवला आणि त्याचाच वृक्ष झाला, असे वारकरी परंपरा सांगते. कथेचा भाग कथेला देऊ या. पण समाधी आणि झाड यांची जोडी संतांच्या अभंगांत आलेली आहे, आणि लोकांच्या मनात ती आजही घट्ट आहे.

या झाडाची खरी कहाणी पुढेच आहे. समाधीला जवळजवळ तीनशे वर्षे होत आली होती. पैठणला नाथमहाराजांना स्वप्न पडले. ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. एकनाथांनी ही हकीगत स्वतःच्या अभंगात सांगून ठेवली आहे. ते आळंदीला गेले आणि त्यांनी मुळी दूर केली. त्यानंतर त्यांनी ज्ञानेश्वरी हाती घेतली. नकला करता करता तिच्यात चुका शिरल्या होत्या. नाथांनी त्या काढून शुद्ध पाठ तयार केला, तो शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली.

शेतकऱ्याला ही गोष्ट चटकन कळावी अशी आहे. पिकात तण माजते तसे पोथीत चुका माजतात. दोन्हीकडे कुणीतरी वाकून हात घालावा लागतो. नाथांनी झाड तोडले नाही. जी मुळी जाचत होती तेवढीच काढली. झाडही राहिले आणि समाधीही मोकळी झाली.

असे झाड एकट्या आळंदीतच आहे असे नाही. देहूला तुकोबांच्या नावाने नांदुरकीचा वृक्ष आहे आणि तुकाराम बीजेला दुपारी लोक त्याच्या पानांकडे डोळे लावून बसतात. दूर हंगेरी देशात बालाटनफ्युरेद गावी रवींद्रनाथ टागोर १९२६ साली उपचारासाठी राहिले होते. बरे वाटल्यावर त्यांनी तिथल्या सरोवराकाठी लिंडेनचे रोप लावले. पुढे तिथे येणाऱ्या पाहुण्यांनीही झाडे लावली. माणसाच्या आठवणीला झाड हवेसे वाटते, हे सगळ्या मुलखात सारखेच.

आता झाडाची ओळख. शास्त्रात त्याला एहरेशिया लिविस म्हणतात. मराठीत दत्रंग हेही नाव आहे. झाड मध्यम उंचीचे आणि पानगळीचे असते. उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येतात, मग वाटाण्याएवढी फळे धरतात. वर्धा भागात याला खंडू चक्का म्हणतात आणि मोडलेल्या हाडावर त्याचा पाला बांधतात. पण वाचकहो, हाड मोडले तर आधी दवाखाना आणि एक्स-रे. हाड जागेवर बसले की नाही हे पाला सांगत नाही.

सरावली, बोईसर, पालघर या आपल्या पट्ट्यात झाडाचे मोल निराळे सांगायला नको. इथे वाघोबा आणि गावदेव झाडाच्याच सावलीला असतात. जयंती-पुण्यतिथीला शाळेत, देवळात, ग्रामपंचायतीसमोर रोपेही लागतात. पण होळीपर्यंत त्यांतली किती उरतात? पुढच्या वर्षी खड्डा तोच, रोप मात्र नवे. ज्याच्या नावाने झाड लावले त्याचा हा मान नव्हे.

म्हणून थोडी काळजी घ्यावी. आळंदीचे झाड ओरबाडू नये आणि त्याची साल काढू नये. रोप ओळखीच्या रोपवाटिकेतून, पानाफुलांची खात्री करूनच घ्यावे. बी मिळाले तर पिकल्या फळाचा गर धुऊन ते ताजेच पिशवीत पेरावे. आपल्याकडचा पाऊस धो धो, तेव्हा जागा उंचवट्याची, पाणी न साचणारी निवडावी. दीड-दोन फुटांचा खड्डा उन्हाळ्यात खणून तापू द्यावा आणि पहिला चांगला पाऊस झाला की कुजलेले शेणखत घालून लावणी करावी. नाथांच्या स्वप्नातली मुळी ध्यानात ठेवून घराच्या जोत्यापासून नि विहिरीपासून पंधरा-वीस फूट तरी दूर लावावे.

खरा धोका त्यानंतरच असतो. भातकापणी झाली की गुरे मोकळी सुटतात, तेव्हा काटेरी कुंपण आधीच हवे. पहिले दोन-तीन उन्हाळे रोपाजवळ तळाला बारीक भोक पाडलेले मडके पुरावे, भोकात चिंधीची वात घालावी आणि मडके रोज भरावे. भरायचे काम एका घराकडे नेमून द्यावे. सगळ्यांचे झाड म्हटले की ते कुणाचेच होत नाही.

आळंदीचा अजानवृक्ष लोकांच्या मनात टिकला, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी त्याच्याजवळ येऊन बसले. आपल्या गावातल्या रोपाजवळही मुलांना बसवावे, एखादी ओवी म्हणवून घ्यावी आणि उठताना मडक्यात तांब्याभर पाणी घालायला सांगावे.