राखीव कुरणें व तेथील स्वयंसेवक राखणदार

रान राखावयाचें म्हणजे कुंपण घालून गुरें बाहेर ठेवावयाचीं, अशी पुष्कळांची समजूत असते. ती सर्वत्र खरी नाहीं, हें इंग्लंडांतील एका निळ्या फुलपाखराच्या हकीकतीवरून आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईल.

‘लार्ज ब्लू’ या फुलपाखराची अळी प्रथम रानफुलांवर वाढते. पुढें ती जमिनीवर पडते, तेव्हां एका जातीच्या तांबड्या मुंग्या तिला आपलेंच पिलूं समजून वारुळांत नेतात, आणि तेथें ती मुंग्यांचींच पिलें खाऊन मोठी होते. या मुंग्यांना ऊबदार जमीन लागते. गवत आंखूड असेल तरच तेथील सौम्य ऊन जमिनीपर्यंत पोंचतें. गुरांची चराई कमी झाली, १९५३ नंतर सशांतही रोगाची सांथ पसरली, गवत वाढलें, मुंग्या गेल्या, आणि १९७९ सालीं तें फुलपाखरूं तेथून नाहींसें झालें. कारण उमगल्यावर १९८३ पासून स्वीडनमधून तीच जात आणून पुन्हां वसविण्यांत आली. ग्लॉस्टरशायरांतील रॉडबरो कॉमन या माळावर चराई बेताची राखून २०१९ सालीं सुमारें १,१०० अळ्या सोडल्या, व पुढील उन्हाळ्यांत तेथें फुलपाखरें उडूं लागलीं.

परंतु माळावर गुरें सोडलीं म्हणजे त्यांवर रोज कोणाची तरी नजर हवी. मालक पुष्कळदां दूर राहतो. म्हणून इंग्लंडांतील अनेक राखीव कुरणांवर आसपासचे स्वयंसेवक पाळीपाळीनें फेरी घालतात. केंट व ससेक्स परगण्यांत अशा राखणदारास ‘लुकर’, म्हणजे पाहणारा, असें जुनें नांव आहे. प्रथम गुरें मोजावयाचीं; एखादें कमी भरलें तर तें शोधावयाचें, कारण कळपापासून वेगळें राहिलेलें जनावर पुष्कळदां आजारी किंवा विण्याच्या बेतांत असतें. मग चाल लंगडी आहे काय, डोळे वाहतात काय, डोणींत पाणी आहे काय, कुंपण शाबूत आहे काय, हें पाहावयाचें. औषधोपचार मात्र आपण करावयाचा नाहीं. मालकास ताबडतोब कळवावयाचें.

आपल्याकडील गुराख्यास यांत नवें कांहींच वाटणार नाहीं. संध्याकाळीं एक वासरूं कमी दिसलें तर तोही तसाच माघारा फिरतो. पाऊस असो वा थंडी, कोणी पाहत नसतांनाही मोजणी चुकवावयाची नाहीं, हेंच या कामाचें मर्म. कारण गुरांची निगा राहिली नाहीं तर तीं माळावर ठेवतां येत नाहींत. आणि गुरें गेल्यावर मुंगीची व फुलपाखराची काय गत होते, तें आम्ही वर सांगितलेंच आहे.