न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर: वाशीतून पुरवलं जाणारं औषध नेमकं करतं काय?

आजच्या विषयाचं नाव जरा लांबलचक आहे: न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. डॉक्टर त्याला नुसतं 'नेट' म्हणतात. मार्च २०१८ मध्ये इरफान खानने आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर केलं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनी हे नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. 'न्यूरो' म्हटलं की मेंदूच डोळ्यासमोर येतो ना? पण ही गाठ बहुतेक वेळा आतडी, स्वादुपिंड किंवा फुप्फुसात असते. तिथल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशी बेसुमार वाढल्या की ती तयार होते.

काही गाठी रक्तात जास्तीचे हार्मोन सोडतात. मग चेहरा अचानक लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत, छातीत घरघर होते. आपण म्हणतो, ॲसिडिटी असेल, दमा असेल. अनेकांना तर काहीच त्रास होत नाही. त्यामुळे निदान व्हायला कधी कधी वर्षं जातात.

निदान झालं की दोन गोष्टी कळायलाच हव्यात. पहिली, ग्रेड. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'केआय-६७' असा एक आकडा असतो. तो ३ टक्क्यांच्या खाली असेल तर गाठ हळू वाढणारी, २० च्या वर असेल तर वेगाने वाढणारी. दुसरी, गाठीवर सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर आहेत का? म्हणजे औषधाला चिकटायला जागा आहे का? हे गॅलियम वापरून केलेल्या पेट स्कॅनमध्ये दिसतं.

गाठ एकाच जागी असेल तर ऑपरेशन हा पहिला विचार. पसरली असेल आणि रिसेप्टर असतील, तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचं साधारण महिन्याला एक इंजेक्शन. त्यानेही आजार वाढत राहिला तर ल्युटेशियम-१७७.

आणि इथे आपली नवी मुंबई येते! खाडीपलीकडे ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ध्रुव अणुभट्टीत हे ल्युटेशियम बनतं, आणि वाशीची 'ब्रिट' ही सरकारी संस्था ते हॉस्पिटलांना पुरवते. रिसेप्टरला चिकटणाऱ्या रेणूला ते जोडून सलाइनमधून देतात. ते गाठीला जाऊन चिकटतं आणि जेमतेम २ मिलिमीटरच्या टप्प्यात किरणोत्सर्ग करतं. साडेसहा दिवसांत त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे साठवून ठेवायची सोयच नाही. म्हणून ठरलेली तारीख चुकवायची नाही.

साधारण ८ आठवड्यांच्या अंतराने ४ डोस देतात. किडनी जपायला सोबत अमिनो ॲसिडचं सलाइन असतं. घरी आल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहायचं.

फायदा किती? २०१७ मध्ये आलेल्या 'नेटर-१' या अभ्यासात आतड्याचा पसरलेला नेट असलेले पेशंट होते. २० महिन्यांनी ल्युटेशियम घेतलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के लोकांचा आजार वाढला नव्हता. नुसत्या ऑक्ट्रिओटाइडच्या मोठ्या डोसवर हेच प्रमाण सुमारे ११ टक्के होतं. म्हणजे आजार मुळापासून गेला असं नाही, पण बराच काळ रोखून धरला.

तेव्हा घरात कुणाच्या रिपोर्टवर हे नाव दिसलं, तर 'हळू वाढतो म्हणे' असं म्हणून स्वस्थ बसू नका आणि 'संपलं सगळं' असंही समजू नका. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ग्रेड काय? रिसेप्टर आहेत का? ऑपरेशन होईल का? उत्तरं कागदावर लिहून घ्या. पुढची ट्रीटमेंट त्यावरच ठरते.

चला, भेटू पुढच्या भागात!