बॅटरी भरलेली, तरी दिवे मंद

मोटरहोम मुक्कामाला थांबते, दिवे लागतात, सगळं ठीक असतं. मग कुणी नळ सोडतं. पाण्याचा पंप सुरू होतो आणि दिवे मंदावतात. कधी फ्रिजही बंद पडतो. पहिला आळ बॅटरीवर येतो. पण मीटर लावला तर १२.६ व्होल्ट, म्हणजे शिशाची बॅटरी पूर्ण भरलेली! तरीही अनेक जण नवी बॅटरी आणतात. हा खर्च बऱ्याचदा टाळता येतो.

घरात २३० व्होल्टवर ६० वॅटचं उपकरण जेमतेम पाव अँपिअर घेतं. मोटरहोममधल्या १२ व्होल्टवर त्यालाच ५ अँपिअर लागतात. इन्व्हर्टरवर हजार वॅटची किटली लावली तर ८० अँपिअरहून जास्त. इतक्या प्रवाहाच्या वाटेत ०.०१ ओहम रोधाचा एकच गंजका जोड असला, तरी तिथे ०.८ व्होल्ट गळतात आणि ६४ वॅट उष्णता तयार होते. जोड तापतो, तापून आणखी बिघडतो. २३० व्होल्टमधून एखादा व्होल्ट गेला तर कळतही नाही. बारातून गेला की जाणवतो. त्यात हे चाकांवरचं घर रस्त्यावर सतत हादरत असतं, त्यामुळे बोल्ट सैलावतात, आणि ओलावा गंज चढवतो.

मग मीटर चुकतो का? नाही. मीटर स्वतः जवळपास प्रवाह घेतच नाही आणि प्रवाह नसेल तर खराब जोडावर व्होल्टेज पडत नाही. म्हणून लोड चालू ठेवूनच मोजायला हवं. पंप सुरू करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवा, दुसरी पंपाच्या निगेटिव्ह टोकावर. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर दुसरी पिन एकेक जोड करत बॅटरीकडे आणा. जिथे आकडा एकदम उतरतो, तिथेच दोष. बऱ्याचदा तो चासीवरच्या, रंगाखाली गंजलेल्या बोल्टचा असतो. बाहेरचा वीजपुरवठा काढून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून बोल्ट खोला, पॉलिश पेपरने धातू चकाकेपर्यंत घासा, घट्ट आवळा, वर ग्रीस लावा. पॉझिटिव्ह बाजू आणि फ्यूजचे जोडही असेच तपासावेत. २३० व्होल्टच्या भागाला मात्र इलेक्ट्रिशियनशिवाय हात लावू नये.

सगळे जोड निर्दोष निघाले आणि लोड पडताच बॅटरीच्या टर्मिनलांवरच व्होल्टेज कोसळलं, तर तिच्या प्लेट्सवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमून आतला रोध वाढलेला असू शकतो. बॅटरी बदलायची ती तेव्हा.